गट पडले खरे, पण कशामुळे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे बडोद्यात एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहेत. दांडिया बाजारातल्या आजोळच्या घरी देव्हाऱ्याची रंगवलेली लाकडी दारे आहेत आणि खापरपणजोबांचे एक तैलचित्र आहे. दारांवरून पाच आणि चित्रावरून चार असे रंगाचे नऊ कण त्यांनी घेतले. प्रत्येक कणाचे एटीआर-एफटीआयआरवर, म्हणजे कण छोट्या हिऱ्यावर दाबून त्याने कुठले अवरक्त किरण शोषले ते मोजणाऱ्या यंत्रावर, तीन-तीन अवरक्त वर्णपट काढले. या २७ वर्णपटांचे प्रमुख घटक विश्लेषण, म्हणजे आपण सगळे ज्याला पीसीए म्हणतो ते केले; पुष्कळ मोजमापांतला फरक मोजक्या घटकांत गोळा करून आलेखावर मांडण्याची ही सांख्यिकी रीत. आलेखावर तीन स्वच्छ गट पडले आणि पहिल्याच घटकात ७१ टक्के फरक सामावला. हे गट म्हणजे मूळ रंगकाम, पहिली डागडुजी आणि दुसरी डागडुजी, असे प्रबंधात लिहिता येईल का? आणि तैलचित्र राजा रविवर्मा बडोद्यात होते त्या काळातले आहे, असे म्हणता येईल का?

आज तरी दोन्ही प्रश्नांना माझे उत्तर ‘नाही’ आहे. पण हाती असलेली माहिती वाया गेलेली नाही. तीच नीट वाचली तर बरेच काही सांगेल, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी आकडा दुरुस्त करा. तुमच्याकडे २७ नमुने नाहीत, ९ आहेत. एकाच कणाचे तीन वर्णपट आलेखावर शेजारी बसणारच, आणि बिंदूंचे घोस जे इतके सुबक दिसतात त्याला मोठा हातभार यानेच लागला आहे. तिन्हींची सरासरी घ्या आणि नऊच बिंदू मांडा. तीन वाचनांमधले अंतर मात्र फेकू नका, तीच तुमची मोजपट्टी आहे. कण उचलून, फिरवून, पुन्हा दाबून घेतलेल्या वाचनांत जेवढा फरक पडतो, त्याहून दोन गटांमधला फरक पुष्कळ मोठा असेल तरच तो फरक मानायचा. आणि तीनही वाचने कण न हलवता घेतली असतील, तर त्यांनी फक्त यंत्राची स्थिरता मोजली, नमुन्याची नाही.

आता गाभ्याकडे येते. पीसीएला रंग कळत नाही, जुने-नवे कळत नाही. कुठल्या तरंगसंख्यांना शोषण एकत्र वाढते आणि एकत्र घटते, एवढेच ते शोधते. तुम्ही मला स्कोअरचा आलेख पाठवलात, लोडिंगचा नाही. स्कोअरवरून बिंदू कुठे बसला ते दिसते, तो तिथे का बसला ते लोडिंगवरून कळते. माझा वर्षानुवर्षांचा नेम आहे: लोडिंगमधल्या ठळक पट्ट्यांना पदार्थाचे नाव देता आल्याशिवाय गटाला नाव द्यायचे नाही.

तुमच्या पहिल्या घटकाबद्दल मला दोन शंका आहेत. लोडिंग सरासरी वर्णपटासारखेच दिसत असेल आणि सगळे एकाच बाजूला असेल, तर तो घटक ‘हिऱ्याला किती माल टेकला’ एवढेच सांगतो. तेलाचा मऊ पापुद्रा हिऱ्यावर पसरतो. अस्तराचा, म्हणजे रंगाखालच्या थराचा, कडक कण दोन-चार टोकांनीच टेकतो. दुसरी शक्यता मला जास्त वाटते. १४०० प्रति सेंटिमीटरच्या (पुढचे पट्ट्यांचे आकडेही याच एककातल्या तरंगसंख्या आहेत) आसपासचा रुंद उंचवटा एका बाजूला आणि २९२५, २८५० व १७४० हे तेलाचे पट्टे दुसऱ्या बाजूला दिसले, तर तुमचे गट सफेदा आणि तेल यांच्या प्रमाणावरून पडले आहेत. चित्रातली पांढरी पगडी आणि गर्द पार्श्वभूमी एकाच चित्रकाराने एकाच आठवड्यात रंगवलेली असली, तरी या घटकावर ती दोन टोकांना जातील. तो काळाचा फरक नाही, उजेड-सावलीचा आहे.

१४०० च्या उंचवट्यावर तर कधीच विसंबू नका. शिसे असलेला सफेदा आणि खडू दोघेही तिथेच शोषतात. नाव ठरते ते बारीक, टोकदार पट्ट्यांवरून: खडूचे ८७४ आणि ७१२ च्या जवळ, शिशाच्या सफेद्याचे ८३८ आणि ६८३ च्या जवळ, शिवाय त्याचा हायड्रॉक्सिलचा पट्टा ३५३५ च्या आसपास. हे पट्टे क्षेत्रफळाने लहान असतात, म्हणून पीसीएत त्यांचा आवाज दबतो. संपूर्ण वर्णपट एकदम टाकण्याऐवजी तुकडे करा. ३०५० ते २८०० वेगळा, १८०० ते १५०० वेगळा, ९०० ते ६५० वेगळा. एसएनव्ही किंवा व्हेक्टर नॉर्मलायझेशन, म्हणजे सगळे वर्णपट एका मापावर आणणे, जरूर करा, पण एक लक्षात ठेवा: संपूर्ण वर्णपटावर नॉर्मलाइझ केले की सफेदा जास्त असलेल्या कणात तेल आपोआप कमी झाल्यासारखे दिसते. तो उतार गणिताने तयार केलेला असतो. सॅवित्स्की-गोले पद्धतीने दुसरा अवकलज काढलात तर बेसलाइनचा, म्हणजे वर्णपटाच्या तिरक्या तळरेषेचा, त्रास जातो आणि चिकटलेले पट्टे सुटे होतात, मात्र गोंगाटही वाढतो.

हे सगळे मी इतक्या आग्रहाने का सांगते, ते लिहायलाच हवे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका जुन्या घराच्या भिंतीवरील चित्रांचे नमुने माझ्याकडे होते. तेव्हा पोटॅशियम ब्रोमाइडच्या गोळ्या करून वर्णपट घ्यायचो. भिंतीच्या खालच्या भागातले नमुने श्रावणात मोजले, वरच्या भागातले पौषात. पीसीएत दोन गट पडले, मधे मोकळी जागा, इतके सुरेख की मी त्याच संध्याकाळी घरमालकांना सांगितले, वरचे काम नंतरचे दिसते. त्यांनी वरच्या भागातला रंग खरवडायला कारागीर ठरवला. दोन दिवसांनी माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी लोडिंग मागितले. त्यात फक्त ३४०० चा रुंद पट्टा होता आणि १६४० चा. पाणी! पोटॅशियम ब्रोमाइड हवेतला ओलावा ओढते, आणि बडोद्याच्या पावसाळ्यात तर किती ओढते ते इथल्या कुठल्याही प्रयोगशाळेत काम केलेल्याला ठाऊक आहे. भुकटी ओव्हनमध्ये वाळवली, सगळे नमुने एकाच दिवशी, खालचा-वरचा असा मिसळून क्रम लावून पुन्हा मोजले. गट नाहीसे झाले. मी तशीच सायकल काढून त्या घरी गेले आणि काम थांबवले. कारागीर सोमवारी येणार होता. चित्र एकदा खरवडले की परत येत नाही; माझा आलेख चुकला तर मला दुसरा काढता येतो, त्या भिंतीला तशी सोय नव्हती.

तेव्हापासून नमुन्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवते, दर चार-पाच नमुन्यांनंतर रिकाम्या हिऱ्याचे एक वाचन घेते आणि ती रिकामी वाचनेही पीसीएत घालते. एखादा गट त्यांच्या दिशेने सरकत असेल तर तो गट रंगाचा नाही, हवेचा आहे. तुम्हीही कुठला कण कुठल्या दिवशी मोजला ते बिंदूंवर लिहून पाहा. पाच मिनिटांचे काम आहे.

देव्हाऱ्याच्या दारांचे पाच कण मला चित्रापेक्षा जास्त आकर्षक वाटतात, आणि जास्त फसवेही. त्या दारांसमोर शंभर वर्षे तुपाचे निरांजन जळत आले आहे. तुपाची वाफ आणि काजळी रंगावर बसते. त्यात एस्टर आहे, म्हणजे १७४५ चा पट्टा आहे, म्हणजे पीसीएच्या दृष्टीने ते ‘तैलरंग’ आहेत. डिंकात किंवा सरसात रंगवलेले दार अशा वेळी तैलरंगांच्या गटात जाऊन बसते. फरक असा ओळखायचा. वाळून जुने झालेले जवसाचे तेल असेल तर कार्बोनिलचा, म्हणजे १७४० जवळचा, पट्टा रुंद होतो, १७१० च्या बाजूला खांदा येतो आणि ३४०० ला हायड्रॉक्सिलचा फुगवटा दिसतो. शिसे किंवा जस्ताबरोबर साबण झाला असेल तर १५१० ते १५९० या भागात पट्टे उगवतात. तुपाचा पट्टा त्या मानाने टोकदार राहतो. ३०१० जवळ बारीकसा पट्टा दिसला तर तिथे न वाळलेले, असंपृक्त तेल आहे. सणासुदीला घरातल्या कुणी तिळाच्या किंवा शेंगदाण्याच्या तेलाचा हात फिरवला आहे का, ते आजीला विचारा. असे प्रश्न विचारायला संकोचू नका. माझी निम्मी कोडी स्वयंपाकघरात सुटली आहेत.

खालचा मूळ बंधक, म्हणजे रंगाची पूड धरून ठेवणारा पदार्थ, शोधताना जोडीने येणारे पट्टे पाहा. सरसाला १६५० आणि १५५० दोन्ही हवेत. एकटा १६५० पाण्याचाही असू शकतो. डिंक १६०० च्या आसपास आणि १०७० ते १०३० मध्ये दिसतो, पण त्याच दुसऱ्या जागी माती आणि गेरूतली सिलिकेटेही बसतात, तेव्हा ३६९५ आणि ३६२० ला केओलिनच्या (पांढऱ्या मातीच्या) खुणा आहेत का ते तपासून मगच डिंकाचे नाव घ्या.

आणि नंतरची डागडुजी? तिच्यासाठी पीसीएची गरजच लागू नये. विसाव्या शतकात घरोघरी डब्यातला ऑइल पेंट आला, तो बहुतेक अल्किड, म्हणजे कृत्रिम राळेचा. १७३० बरोबर १२७० चा जोरदार पट्टा आणि ११२० व १०७० ची जोडी, शिवाय ७४० जवळ एक टोक, एवढे एकत्र दिसले की तो थर अल्किडचा आहे असे मी निःशंक लिहीन, आणि तो साधारण १९३० च्या आधीचा असण्याची शक्यता फारच कमी. फक्त एक पाहा: कण मऊ प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवले होते का? पिशवी लवचिक करायला वापरलेले थॅलेट रंगावर उतरले तर हेच पट्टे फिके होऊन येतात. कण काचेच्या कुपीत ठेवावेत.

दारावरच्या निळ्याबद्दल तुम्ही उत्साहाने लिहिले आहे: वर्णपटात २३४० ला पट्टा मिळाला, म्हणजे हा खरा लाजवर्द, खाणीतल्या निळ्या दगडाचा रंग. याबद्दल जरा थांबून बोलू, कारण ही खूण खरोखर सुंदर आहे. अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या लाजवर्दात स्फटिकाच्या पिंजऱ्यात कार्बन डायऑक्साइडचे रेणू अडकलेले असतात आणि ते २३४० जवळ एक बारीक पट्टा देतात. १८२८ पासून कारखान्यात होऊ लागलेल्या अल्ट्रामरीनमध्ये, ज्याचा भाऊबंद आपण पांढऱ्या कपड्यांना नीळ म्हणून देत आलो, तो पट्टा नसतो. पण तुमच्या खोलीतल्या हवेतही कार्बन डायऑक्साइड आहे, आणि हिऱ्यावर वाकून कण ठेवताना तुमचा श्वास यंत्रावर जातो. वायूचा पट्टा दुहेरी असतो, एक उंचवटा २३६० जवळ आणि दुसरा २३४० च्या आगेमागे. पार्श्वभूमीचे वाचन आणि नमुन्याचे वाचन यांमध्ये हवा बदलली की तो वर किंवा उलटा खाली डोकावतो. शिवाय हिरा स्वतः याच भागात शोषतो, त्यामुळे इथे सिग्नल कमजोर असतो. म्हणून पट्टा एकेरी आहे की दुहेरी ते विभेदन वाढवून पाहा, दहा मिनिटांनी पुन्हा मोजा, रिकाम्या हिऱ्याशी ताडा. वायूचा पट्टा हलेल, लाजवर्दाचा जागचा हलणार नाही. पीसीए करताना मात्र २४०० ते २२८० हा भाग कापून टाका, नाहीतर तुमचा श्वास एक प्रमुख घटक होऊन बसेल. त्या मानाने प्रशियन निळा सरळ माणसासारखा आहे: २०९० ला दिसला की दिसला, अगदी थोडा असला तरी.

आता न दिसणाऱ्यांची गोष्ट. हिंगूळ, हरताळ, कॅडमियमचे पिवळे-लाल, यांचे पट्टे ४०० च्या खाली आहेत, म्हणजे तुमच्या यंत्राच्या नजरेबाहेर. शेंदूर आणि जस्ताचा सफेदा अगदी तळाशी, ६०० च्या खाली कसेबसे डोकावतात. यांतले हिंगूळ, हरताळ आणि शेंदूर तर जुन्या देशी रंगपेटीतले सर्वांत बोलके रंग. एका दारावरचा लाल हिंगूळ असेल, दुसऱ्यावरचा कॅडमियमचा, आणि दोन्ही एकाच तेलात असले तर पीसीए त्यांना जुळे भाऊ म्हणून शेजारी बसवेल. त्यासाठी एक्स-रे फ्लुओरेसन्सने, म्हणजे क्ष-किरणांनी मूलद्रव्ये ओळखण्याच्या पद्धतीने, पारा, आर्सेनिक, शिसे, जस्त, कॅडमियम मोजून घ्या आणि जमल्यास रमण वर्णपट (लेसरच्या विखुरलेल्या प्रकाशाचा) घ्या. अवरक्त किरण बंधक आणि रंगात मिसळलेली खडूसारखी भर सांगतात. रंगाचे नाव पुष्कळदा दुसरीकडून आणावे लागते.

‘देशी रंग मिळाला म्हणजे जुना, विलायती मिळाला म्हणजे नवा’ हा तुमचा तर्कही सोडा. बडोद्यात तो विशेषच चालत नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली, रसायनतज्ज्ञ त्रिभुवनदास गज्जरांनी तिथे रंगाई आणि रसायनतंत्र शिकवायला सुरुवात केली. त्या काळात या शहरात पुड्यातला गेरू आणि ट्यूबमधला प्रशियन निळा एकाच घरात असणे अगदी शक्य होते.

कण कसे घेतले ते तुम्ही लिहिलेले नाही, आणि माझ्या मते गणितापेक्षा ते महत्त्वाचे आहे. एटीआर पृष्ठभागापासून फार तर एक-दोन मायक्रॉनच पाहते. तुमचा कण म्हणजे वर वार्निश, मग रंगाचे एक-दोन थर, खाली अस्तर. हिऱ्याकडे कुठली बाजू होती? तीन कण वार्निश खाली आणि सहा कण अस्तर खाली असे ठेवले गेले असतील तर तुमचे गट बाजूंचे आहेत. राजगिऱ्याच्या दाण्याहून लहान कण पुरतो. तो आधीच उडालेल्या रंगाच्या कडेला घ्यावा, चेहऱ्यावर कधीही नाही. प्रत्येक कणाचा अर्धा भाग न दाबता ठेवा, राळेत बसवून आडवा छेद घ्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली थर मोजा. मूळ आणि डागडुजी हा प्रश्न थरांच्या क्रमाचा आहे. वरचा थर खालच्यानंतर आला एवढे तरी छेद ठामपणे सांगतो. पीसीए तेही सांगू शकत नाही. डोळा तयार करायचा असेल तर तांबेकर वाड्यात जाऊन एकोणिसाव्या शतकातली भित्तिचित्रे तास-दोन तास नुसती पाहा, हात न लावता. कुठे रंग झिजलाय, कुठे भरलाय, अस्तर कुठे उघडे पडलेय, हे तिथे जेवढे शिकता येते तेवढे कुठल्या सॉफ्टवेअरवर येत नाही.

रविवर्म्यांबद्दल. १८८१ मध्ये महाराजांच्या राज्याधिकारग्रहणाच्या सुमारास ते बडोद्यास आले, नंतर राजवाड्यासाठी पौराणिक चित्रमालिका केली, आणि १९०६ मध्ये वारले. शिशाचा सफेदा, जवसाचे तेल, प्रशियन निळा हे साहित्य त्यांच्या आधीही कित्येक दशके होते आणि नंतरही राहिले. ते तुमच्या चित्रात सापडले म्हणजे चित्र त्या काळाशी विसंगत नाही, इतकेच. उलट बाजूने मात्र पुरावा भक्कम मिळू शकतो: मूळ थरात, डागडुजीत नव्हे, टायटॅनियमचा सफेदा सापडला तर ते १९०६ च्या आधीचे नाही, कारण तो रंग बाजारात पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आणि नंतर आला. अवरक्तात तो ८०० च्या खाली फक्त चढती रेघ दाखवतो, तेव्हा टायटॅनियम एक्स-रे फ्लुओरेसन्सनेच पक्के करा. फत्तेसिंग संग्रहालयातल्या रविवर्म्यांच्या चित्रांशी तुलना करण्याचा विचार तुम्ही लिहिला आहे. अशा चित्रांवरून कण मागू नये. परवानगी मिळालीच तर दुरून परावर्तनाने मोजता येते. पण परावर्तनाचे वर्णपट एटीआरसारखे दिसत नाहीत, कार्बोनेट आणि सल्फेटचे पट्टे त्यात उलटे किंवा वाकडे होतात. दोन्ही एकाच पीसीएत घातलेत तर पहिला घटक फक्त पद्धतीचा फरक सांगेल.

पुढे काय करावे? नऊ नमुन्यांवर पीएलएस-डीए किंवा कुठलेही वर्गीकरण चालवू नका, हजारो तरंगसंख्या आणि नऊ नमुने असताना ते हवे ते गट काढून देते. वॉर्ड पद्धतीचा वृक्षही, म्हणजे सारखे नमुने जोडत जाणारी आकृती, गट नसले तरी फांद्या पाडतोच. त्यापेक्षा घरी संदर्भ-पट्ट्या तयार करा: सफेदा, खडू, गेरू, प्रशियन निळा, प्रत्येकी जवसाच्या तेलात, बाभळीच्या डिंकात आणि सरसात, एक अल्किडची, एकीवर तुपाच्या ज्योतीची काजळी धरा. शिशाचा सफेदा विषारी आहे, तो हातमोजे घालून आणि ओलाच हाताळा. या पट्ट्यांवर पीसीए उभारा आणि तुमचे नऊ कण त्या आलेखावर प्रक्षेपित करा. पट्ट्या ताज्या आहेत, रंग जुना आहे, त्यामुळे कण तंतोतंत त्यांच्यावर बसणार नाहीत. पण कुणाच्या दिशेने आहेत ते कळेल. मग एकेक कण वगळून पुन्हा चालवा. एक कण काढताच गट कोसळत असेल तर तो गट नव्हता, तो एकटा कण होता.

प्रबंधात सध्या एवढेच लिहा: ‘नऊ कणांत वर्णपटांतील प्रमुख फरक अमुक पट्ट्यांमुळे आहे, ते अमुक पदार्थांचे आहेत.’ छेद झाल्यावर थरांची वाक्ये जोडा. मला लोडिंगचे आलेख, रिकाम्या हिऱ्याची वाचने आणि मोजणीच्या तारखा पाठवा. आणि दिवाळीची साफसफाई जवळ आली आहे, तेव्हा घरी सांगून ठेवा की दारांना टर्पेंटाइन, साबणाचे पाणी किंवा तेलाचे फडके लावू नका. धूळ मऊ, कोरड्या ब्रशने झटकली तरी यंदा पुरे.